सव्वादोन वर्षांचा झाला, तरी बोलत नाही

‘ताई, मी ऐरोलीला राहते. माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. आई, बाबा, नको, पाण्याला ‘पापा’ आणि अजून चार-सहा शब्द, त्यापुढे गाडी जात नाही. समजतं सगळं. चप्पल आण म्हटलं की आणतो, खिडकीतून लोकल दिसली की बोट दाखवून मला ओढत नेतो. मी नोकरीसाठी ठाण्याला जाते, सकाळी साडेआठला निघते ते परतायला साडेसात होतात. दिवसभर सासूबाई सांभाळतात. जेवताना मोबाईलवर गाणी लावल्याशिवाय घास खात नाही. सासूबाई म्हणतात, ‘ह्याचा बापही तीन वर्षांनी बोलला, जीभ जड आहे, वेखंड लावू.’ प्लेस्कूलच्या बाई म्हणतात, घरात फक्त इंग्रजी बोला, तीन भाषांनी मूल गोंधळतं. नणंदेची मुलगी याच्याहून दोन महिन्यांनी लहान, ती वाक्यं बोलते. परवा बारशाला सगळ्यांसमोर त्याला ‘काकाला नमस्ते म्हण’ करून करून रडवलं. नवरा म्हणतो, उगाच टेन्शन घेतेस. मी घरी असते तर तो बोलला असता असं सारखं वाटतं. नोकरी सोडू का?’
– एक आई, ऐरोली

नोकरी सोडायचा विचार आत्ता बाजूला ठेव. तुझा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण सगळं पत्र त्याच ओझ्याखाली लिहिलेलं दिसतंय. दिवसभर घरी असणाऱ्या आयांची मुलंही उशिरा बोलतात, आणि पाळणाघरात वाढलेली कितीतरी मुलं वेळेवर बोलतात. मुलाला दिवसातून बराच वेळ त्याच्याकडे बघून बोलणारं माणूस लागतं. तुझ्या घरी ते आहे, आजी आहेत. तुझ्यामुळे हे झालेलं नाही.

मात्र नवऱ्याचं ‘उगाच टेन्शन’ मला मान्य नाही. दोन वर्षांच्या आसपास मुलाकडे साधारण पन्नासेक शब्द असतात आणि ते दोन शब्द जोडायला लागतं: ‘बाबा गेले’, ‘दूध नको’. तुझा मुलगा अजून तिथे आलेला नाही. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात, हे खरं. पण कोणतं मूल आपलं आपण येईल आणि कोणाला मदत लागेल, हे आज कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून थांबायचं नाही. बाप उशिरा बोलला, हे तर तपासणी लवकर करायचं कारण आहे. उशिरा बोलणं घराण्यात असेल तर डॉक्टर त्याची नोंद घेतात. आणि ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणतात त्यात तथ्य इतकंच, की सरासरीने ते मुलींच्या किंचित मागे असतात. वर्ष-दीड वर्ष वाट बघण्याएवढा तो फरक नाही.

तर पहिलं काम: कान तपासून घे. हे मी अगदी कळकळीने सांगते. ‘त्याला ऐकू येतं हो, जाहिरात लागली की धावत येतो’ असं घरोघरी म्हणतात आणि तिथेच फसगत होते. ऐकू येणं म्हणजे सगळं किंवा काहीच नाही, असं नसतं. वारंवार सर्दी होणाऱ्या लहान मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं. दुखत नाही, वाहत नाही, कुणाला पत्ता लागत नाही. अशा मुलाला हाक ऐकू येते, कुकरची शिट्टी ऐकू येते, पण शब्द पुसट पोचतात. काही मुलांना जाड आवाज नीट ऐकू येतात आणि ‘स’, ‘श’, ‘फ’सारखे बारीक आवाज निसटतात. अर्धवट ऐकलेला शब्द मूल बोलणार कसं? जन्मल्यावर हॉस्पिटलमध्ये ओएई ही कानाची तपासणी होऊन पास झाला असेल, तरी पुन्हा कर. नंतरही कमी-जास्त होऊ शकतं. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, ओएई, पडद्यामागचं पाणी बघायला टिम्पॅनोमेट्री आणि गरज वाटली तर आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी बेरा, अशा या तपासण्या आहेत. एकही दुखत नाही. बेरा तर मूल झोपलेलं असताना करतात, तेव्हा वेळ दुपारच्या झोपेची माग.

त्याबरोबर तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना भेट. एम-चॅट नावाची एक प्रश्नावली असते, ऑटिझमची (स्वमग्नतेची) शक्यता आहे का ते चाळून बघणारी, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी. तुझा मुलगा त्यात बसतो, ती भरून घे. लोकल दिसली की तो बोट दाखवतो आणि तुला बघायला लावतो, हे वाचून मला फार बरं वाटलं. आपल्याला आवडलेलं दुसऱ्याला दाखवावंसं वाटणं, सांगितलेलं समजणं, हा बोलण्याचा पाया आहे. तो बोट दाखवत नसता, हाकेला बघत नसता, किंवा येत असलेले शब्द विसरत चालला असता, तर मी तुला याच आठवड्यात डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडे, म्हणजे मुलांच्या वाढ-विकासाच्या डॉक्टरांकडे, जा म्हटलं असतं. पुढे कधीही आलेला शब्द जायला लागला, तर क्षणभर थांबू नकोस.

स्पीच थेरपिस्ट शोधताना एकच बघ: भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे ना. ती प्रत्येकाकडे असायलाच हवी आणि विचारण्यात काही गैर नाही. खाजगी फी झेपत नसेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही केंद्र सरकारची वाचा आणि श्रवण संस्था आहे, १९८३ पासूनची. ऐरोलीहून ठाणे, दादर, वांद्रे असा फेरा पडतो, पण कान आणि बोलणं दोन्ही एकाच ठिकाणी बघतात.

आता वेखंड. सासूबाईंच्या मनातली माया मला कळते, त्यांच्या पिढीत हाच उपाय होता. पण बोलणं जिभेच्या जडपणामुळे अडत नाही. जीभ खाली चिकटलेली असली तरी फार तर काही उच्चारांवर परिणाम होतो, शब्दच येत नाहीत असं त्यानं होत नाही. वेखंडात बीटा-असारोन नावाचा घटक असतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तो घातक ठरल्यामुळे अमेरिकेने खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला १९६८ मध्ये बंदी केली. हे त्यांना भांडणाच्या सुरात सांगू नकोस. डॉक्टरांकडे जाताना त्यांनाच बरोबर ने आणि वेखंडाचा प्रश्न त्यांनाच विचारू दे.

प्लेस्कूलच्या बाईंचा सल्ला मात्र बिलकूल ऐकू नकोस. दोन-तीन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल मुकं राहत नाही. नवी मुंबईत एका जिन्यावर मराठी, हिंदी, मल्याळम, गुजराती ऐकत मुलं वाढतात आणि बोलतात. आजींना इंग्रजीत बोलायला लावलंस तर त्या दिवसभरात चार वाक्यं बोलतील आणि गप्प बसतील, आणि त्यांचं बोलणं हीच तर त्याची शिदोरी आहे. तुम्ही सगळे ज्या भाषेत रागावता, लाड करता, त्याच भाषेत त्याच्याशी बोला. त्याचे शब्द मोजतानाही सगळ्या भाषांचे मिळून मोज. आणि मला वाटतं, तू कमी मोजते आहेस. गाईला ‘हम्मा’, बाहेर जायला ‘भुर्र’, जेवणाला ‘मम्मं’ म्हणत असेल आणि दर वेळी त्याच गोष्टीला म्हणत असेल, तर तो शब्दच आहे. आजींना सांग, एका वहीत महिनाभर रोज नवा ऐकलेला शब्द लिहा. थेरपिस्ट पहिल्याच भेटीत हीच यादी विचारेल. शिवाय हे काम आजींच्या हातात गेलं की त्याही तुझ्या बाजूने बघायला लागतील.

मोबाईल. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचं म्हणणं असं, की दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, त्यानंतर पाचपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांसोबत. गावाकडच्या आजोबांशी व्हिडिओ कॉल चालेल, कारण आजोबा त्याचं ऐकून उत्तर देतात. गाण्याचा व्हिडिओ त्याच्यासाठी थांबत नाही. मोबाईलवर रंग आणि आकडे घडाघडा म्हणणारी, पण पाणी मागता न येणारी मुलं आहेत. तिन्ही जेवणांतून एकदम काढू नकोस, आजींची दमछाक होईल. आधी रात्रीचं जेवण घे, तू घरी असतेस. दोन-चार दिवस तो कमी खाईल, रडेल. सासूबाईंना पोटात कालवेल, ते आधीच बोलून ठेव. रात्रीचं जमलं की दुपारचं.

आणि बोलायचं कसं? ‘हे काय? ते काय? काकाला नमस्ते म्हण’ ही परीक्षा आजपासून बंद, पाहुण्यांसमोर तर नाहीच. कुणी सुरू केली तर नवऱ्याने मध्ये पडायचं. हे काम मी मुद्दाम त्याला देते. ‘पाणी म्हण, मग देते’ हेही नको, तहानलेलं मूल चिडतं, शिकत नाही. त्यापेक्षा दोन्ही हातांत धरून ‘दूध की पाणी?’ विचार आणि थांब. बोट केलं तरी ‘पाणी! पाणी हवं’ म्हणून लगेच दे.

थांबणं सगळ्यात अवघड जातं. आपण विचारतो आणि आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. मनात पाच आकडे मोज, त्याच्याकडे उत्सुकतेने बघत राहा. आजी दोरीवर कपडे घालतात तेव्हा तो पायात घुटमळत असेलच. बादली त्याच्यापुढे ठेवायची. ‘बाबांचा शर्ट. ओला आहे, थंड थंड!’ त्याने मोजा काढला की, ‘मोजा! बाळाचा मोजा. आता कुणाचा?’ आणि गप्प. तो ‘बाबा’ म्हणाला, की ‘हो, बाबांचा मोजा, मोठ्ठा मोजा.’ त्याच्या एका शब्दात आपला एक जोडून परत द्यायचा, एवढंच तंत्र. ‘गाई’ म्हणाला तर ‘गाई आली’. चुकीचं बोलला तर सुधरवायचं नाही, बरोबर शब्द आपण सहज म्हणायचा. ‘र’ आणि ‘ळ’ यायला अजून बराच वेळ आहे. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की तिसरीआधी ‘आता वाजणार...’ म्हणून थांबायचं. त्याला पुढचं माहीत असतं, तिथे आवाज आपोआप फुटतो. जुने हातावरचे, बोटांवरचे खेळही याचसाठी छान. शेवटचा शब्द त्याच्यासाठी सोडायचा.

तुझ्या वाट्याला संध्याकाळचा एक तास येतो, तो पुरेसा आहे. साडेसातला घरी आलीस की आधी फोन पर्समध्येच राहू दे. त्याला खिडकीत घे, लोकल येईपर्यंत उभी राहा. ती आली की लगेच काही बोलू नकोस. तो काय करतो ते बघ, मग त्याने जे दाखवलं त्यावरच बोल: ‘गाडी आली’, ‘गाडी गेली’, रोज तेच. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना रोज तेच हवं असतं.

नणंदेच्या मुलीचं माप त्याला लावू नकोस. महिन्यापूर्वीचा तो आणि आजचा तो, एवढंच वहीतून बघ. कानाची अपॉइंटमेंट याच आठवड्यात घे, नवऱ्यालाही रजा काढायला सांग. रिपोर्ट आला की वहीसकट मला लिही, पुढचं तेव्हा ठरवू.