अक्कलदाढ आली म्हणजे मुलगी 18 ची झाली असं समजायचं का?

तुम्ही लिहिलंय की मामेबहिणीचं लग्न ठरलंय, जन्माचा दाखला सापडत नाही, आणि घरातली मोठी माणसं म्हणतायत की तिला अक्कलदाढ आलीये म्हणजे 18 झालीच, तर दाताचा डॉक्टर तसं लिहून देईल का. मी सोलापुरातच दातांची डॉक्टर आहे, अक्कलकोट रोडच्या बाजूला दवाखाना आहे, आणि असं लिहून मागायला माझ्याकडे आत्तापर्यंत दोनदा लोक आलेत. दोन्ही वेळा मी नाही म्हणून सांगितलं, तुम्हालाही तेच सांगते.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी आली होती, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली, आई विड्या वळते. कडक भाकरी चावताना मागं टोचतंय, हिरडी सुजलीये म्हणून आणलेलं. तोंड उघडून बघितलं तर खालची अक्कलदाढ निम्मी वर आलेली, आणि मुलीला सोळावं चालू. झालं असं होतं की तिची सहाव्या वर्षी येणारी पहिली मोठी दाढ लहानपणीच किडली म्हणून काढून टाकलेली, मग मागची दाढ पुढं सरकली आणि अक्कलदाढेला जागा मिळाली, जागा मिळाली की ती लवकर वर येते. आणि तिच्या आईच्या, म्हणजे पस्तिशीतल्या बाईच्या, खालच्या दोन्ही अक्कलदाढा हाडातच आडव्या पडलेल्या, कधी बाहेर आल्याच नाहीत. मग दाढ बघून वय सांगायचं तर आईला काय लहान म्हणायचं का? माझी स्वतःची खालची एक 26 व्या वर्षी आली आणि वरची एक तयारच झाली नाही, असे लोक पण भरपूर असतात.

पुस्तकात 17 ते 21 लिहिलेलं असतं, पण तो साधारण काळ आहे. दाढ बाहेर येणं हे वयापेक्षा जास्त जबड्यात जागा किती आहे यावर ठरतं.

आता तुमच्या घरातले जे म्हणतायत ते अगदीच हवेतून आलेलं नाही हे पण सांगायला पाहिजे. दातांवरून वय काढायची पद्धत जुनी आहे आणि गंमत म्हणजे ती आपल्यासारख्याच गिरण्यांच्या गावांतून पुढं आली. इंग्लंडमध्ये 1833 च्या कायद्यानं कापडाच्या गिरण्यांत 9 वर्षांखालची पोरं ठेवायला बंदी आली आणि 13 पर्यंतच्यांचे तास कमी केले, पण जन्माची सरकारी नोंदच नव्हती, आईबाप वय वाढवून सांगायचे. तेव्हा एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्यानं 1837 मध्ये हजारावर मुलांचे दात तपासून दाखवलं की उंचीपेक्षा दात जास्त खरं सांगतात. पण ते 9 आणि 13 साठी होतं बघा. सहाव्या वर्षी पहिली मोठी दाढ, बाराव्याच्या आसपास दुसरी, मध्ये दुधाचे दात पडून नवे येतात, एवढं सगळं एकाच वेळी बघायला मिळतं म्हणून तिथं अंदाज चांगला बसतो. 14 च्या पुढं बाकी सगळे दात येऊन झालेले असतात, राहते फक्त अक्कलदाढ, आणि सगळ्यात बेभरवशाची तीच.

म्हणून वय काढायचंच असेल तर आम्ही दाढ बाहेर आली का हे बघतच नाही, पूर्ण जबड्याचा एक्सरे काढतो, ओपीजी म्हणतात त्याला, आणि त्यात मुळं बघतो. अक्कलदाढ आठ-नऊ वर्षांच्या आसपास हाडात बनायला लागते, आधी वरचा भाग, मग मुळं, आणि शेवटी मुळांची टोकं बंद होतात. डेमिर्जियन नावाच्या संशोधकाच्या पद्धतीत याच्या ए पासून एच पर्यंत आठ पायऱ्या आहेत. टोकं उघडी दिसली तर मुलगी लहान असण्याची शक्यता वाढते, बंद असली तर मोठी असण्याची, पण 17 व्या वर्षीच टोकं बंद झालेली पण सापडतात आणि विशीनंतर उघडी राहिलेली पण. कोर्टं सुद्धा हाडांच्या एक्सरेवरून काढलेल्या वयात दोन वर्षं इकडंतिकडं धरतात. 16 आणि 18 मध्ये फरकच दोन वर्षांचा, मग त्यावर लग्न कसं लावायचं सांगा की.

अल्पवयीन मुलांच्या केसेससाठी 2015 चा बाल न्याय कायदा आहे त्यात क्रम स्पष्ट दिलाय, आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा दाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच मेडिकल तपासणी, ती पण बालकल्याण समिती किंवा बाल न्याय मंडळाच्या आदेशानं. खाजगी डॉक्टरच्या चिठ्ठीला तिथं किंमत नाही.

तुम्ही खरंच मदत करणार असाल तर तिची पहिलीची शाळा गाठा आणि जनरल रजिस्टरचा निर्गम उतारा मागा, त्यात जन्मतारीख असते, मुलगी मध्येच शाळा सोडून गेली असली तरी. जन्म दवाखान्यात झाला असेल तर महापालिकेत तिच्या नावानं शोधू नका, आईच्या नावानं शोधायला सांगा, कारण नोंदीच्या वेळी बाळाचं नाव ठेवलेलं नसतं आणि तो रकाना तसाच रिकामा राहतो, लोकांना वाटतं नोंदच नाही. लसीकरणाचं कार्ड पण ट्रंकेत कुठंतरी असतंच.

तारीख हातात येईपर्यंत लग्न थांबवा. ती 18 च्या आतली निघाली तर लग्न लावणारे, ठरवणारे सगळे 2006 च्या बालविवाह कायद्यात अडकतात, आणि तिची शाळा, तब्येत जे जायचं ते जातंच. घरातले ऐकत नसतील तर 1098 ला फोन करा, चोवीस तास चालू असतो आणि पैसे लागत नाहीत. आणि तिची दाढ दुखत असेल तर कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायला सांगा आणि जवळच्या डॉक्टरला दाखवा, सूज वाढून तोंड उघडेनासं झालं तर लई त्रास होतो.