नागपूरहून जुनी अ‍ॅम्बेसेडर ट्रेलरवर मुंबईला न्यायची आहे. गाडी कशी बांधावी?

पट्टे बॉडीला किंवा बंपरला नको, चाकांना बांधा. बॉडीला बांधलं की खड्ड्यात स्प्रिंग दबते, पट्टा क्षणभर सैल पडतो आणि हूक कडीतून निसटू शकतो. टायरला वेढा घालणारे रॅचेट पट्टे (दांड्याने खटक्या-खटक्याने आवळायचे) असले की गाडी स्प्रिंगवर डुलते, पण जागा सोडत नाही. चार चाकांना चार वेगळे पट्टे.

तसे मिळाले नाहीत तर मागे अ‍ॅक्सलला बांधता येईल, अ‍ॅम्बेसेडरचा मागचा अ‍ॅक्सल अखंड आणि दणकट आहे. मात्र आधी खाली वाकून त्यावरची ब्रेकची नळी हाताने चाचपा. इतकी जुनी बारीक नळी पट्ट्याखाली चेपली तर मुंबईत गाडी उतरवताना ब्रेक दगा देईल. नायलॉनचा दोर अजिबात वापरू नका, तो ताणला जातो.

हँडब्रेक, पहिला गिअर, चाकांना लाकडी उटी हे आलंच.

ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार ट्रेलर जिथे ओढणाऱ्या गाडीला जोडतो त्या पुढच्या हुकावर यायला हवा. गाडी फार मागे राहिली तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हेलकावतो, आणि तो सावरणं फार कठीण. इंजिनाची बाजू पुढे ठेवा.

पट्टे सुरुवातीलाच थोडे बसतात. त्यामुळे नागपूरजवळ शिवमडक्याला समृद्धी महामार्गावर चढण्याआधी थांबून सगळे पुन्हा आवळा. पुढे ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता वेगाचा मोह घालतो. ६०-७० च्या वर जाऊ नका.