किसुमूत राहायला येताय तर

तुम्हाला भांडुपच्या बँकेतून दोन वर्षांची रजा काढून केनियात स्वयंसेवक म्हणून यायचंय. तिथं दिवस कसे जातात, जेवणाचं काय, फिरायला मिळतं का, असं तुम्ही विचारलंत. मी लालबागची. पतपेढीत अकरा वर्षं हिशेब लिहिले, आता तीन वर्षं व्हिक्टोरिया सरोवराकाठी किसुमूत आहे.

आधी कागद. २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन परवानगी सुरू केली, पण त्यावर फक्त फिरता येतं. काम बिनपगारी असलं तरी परमिट लागतंच. बोलावणारी संस्था "या तर खरं, नंतर बघू" म्हणाली तर सरळ नाही म्हणा; मला तशी एक भेटली होती. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड जपा, परतताना मुंबई विमानतळावर लागतं.

मला वाटलं होतं, मासळी विकणाऱ्या बायकांना बचत शिकवायची. पहिल्याच बैठकीत कळलं की त्यांची 'चामा' म्हणजे आपली भिशीच! आठवड्याला पैसे जमवायचे, पाळीपाळीने एकेकीला द्यायचे, कुणी चुकवले तर तिच्या दारात जाऊन बसायचं. जमा आणि नावे वेगळं लिहा, एवढंच काय ते माझ्याकडे सांगण्यासारखं निघालं. यूपीआयचं कौतुक सांगायला गेले तर त्या खो खो हसल्या. त्यांच्याकडे मोबाइलवरून पैसे पाठवणारं एम-पेसा २००७ पासून आहे.

त्याआधी ठरलेली बैठक तर माझी चुकलीच होती. निरोप होता 'सा न्ने', म्हणजे चार वाजता. दुपारी चारला गेले तर शुकशुकाट. स्वाहिलीत तास दिवस उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक, दहा म्हणजे चार. आपल्या जुन्या घटका-प्रहरांसारखंच. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्य बारा महिने साडेसहाच्या आसपास उगवतो, तेव्हा हिशेब चुकतही नाही.

आता जे कुणी सांगत नाही ते. इथं तुम्ही गोऱ्या स्वयंसेवकांसारखे पाहुणे नसता, तुम्ही 'म्हिंदी', म्हणजे हिंदुस्थानी असता. १८९६ ते १९०१ मध्ये मोंबासाहून इथवर रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून मजूर आणले, पुढे दुकानदार आले. दुकानाला इथं 'दुका', लाखाला 'लाकी' म्हणतात. २०१७ मध्ये सरकारने आपल्या वंशाच्या लोकांना देशाची ४४वी जमात मानलं. तरी बाजारात मला कुठल्यातरी दुकानाची मालकीणच समजत, आणि मालकीण म्हणजे ओरडणारी. ते बदललं मी वॉचमनवाल्या सोसायटीतली खोली सोडून चामातल्या एकीच्या शेजारी राहायला गेले तेव्हा. तुम्ही पहिल्या महिन्यातच तसं करा. माटाटूने, म्हणजे इथल्या छोट्या खासगी बसने फिरा, भरल्याशिवाय हलत नाही, आपल्या स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षासारखी.

जेवणाची काळजी नको. उगाली म्हणजे मक्याची घट्ट उकड, सोबत सुकुमा विकी ही पालेभाजी. चपाती-चहा घरोघरी, मुगाला 'न्देंगु' म्हणतात. तुम्ही मासे खात असाल तर ओमेना चाखा. वाळवलेल्या ओमेनाचा वास आला की मला आईच्या सुकटीची आठवण येते.

मलेरिया मात्र हलक्यात घेऊ नका. मुंबईत आताशा बहुतेक वायव्हॅक्स प्रकारचा असतो, इथला फॅल्सिपेरम प्रकार जिवावर बेततो. मच्छरदाणी रोज लावा आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा.

फिरणं सुट्टीतच होतं. नैरोबी बसने अख्खा दिवस खाते, पण वाटेत केरिचोचे चहाचे मळे लागतात. बुसियाची सरहद्द ओलांडून युगांडात जिंजाला गेले, नाईल सरोवरातून निघते ती जागा. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग तिथं सोडला होता. मी तासभर पाण्याकडे बघत बसले आणि परतीची शेवटची गाडी चुकवली.

येताना कूकरची रबरी रिंग आणा. दोन आणा, एक माझ्यासाठी.