ठिपका दिसला म्हणजे जीन सापडला असं नाही
स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचा जनुकीय अभ्यास करताना मॅनहॅटन प्लॉटवर (डीएनएमधली कोणती जागा आजाराशी किती ठळकपणे जोडलेली आहे ते दाखवणाऱ्या आलेखावर) उंच ठिपका दिसला की लगेच शेजारच्या जीनचं नाव लिहू नकोस. तो ठिपका पत्ता सांगतो, तोही गल्लीपर्यंतचाच. 2022 च्या मोठ्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाशी जोडलेली 287 ठिकाणं मिळाली, पण त्यांतून जीन निवडता आले ते 120.

सहाव्या गुणसूत्रावरचा एमएचसी भागच घे, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित जीनांची दाट वस्ती. सगळ्यात ठळक सिग्नल तिथला, आणि गुंता वर्षानुवर्षं सुटेना. 2016 मध्ये सी4 जीनच्या प्रती आणि प्रकार बारकाईने तपासले, तेव्हा कुठे धागा हाती लागला: मेंदूत सी4ए (सी4 चा एक प्रकार) जितका जास्त, तितका धोका जास्त. एवढी चिकाटी लागते!

एक्सोम डेटा (जीनच्या प्रथिनं बनवणाऱ्या भागांचा डेटा) असेल तर सेटडी1ए सारख्या जीनमधले दुर्मिळ, जोरदार बदल वेगळे तपास. आणि पॉलिजेनिक स्कोअर (अनेक छोट्या जनुकीय फरकांचा मिळून काढलेला धोक्याचा आकडा) बघून कुणालाही ‘तुला हा आजार होणार’ असं कधीच सांगू नकोस.