सोसायटीच्या कामाला विकतचं ऑफिस घ्यावं का लिब्रेऑफिस चालेल?

नोटिसा, अर्ज आणि मेंटेनन्सचा हिशोब एवढ्यासाठी पैसे भरून मायक्रोसॉफ्ट ऑफिस घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर नका घेऊ, लिब्रेऑफिस टाका, वर्ड-एक्सेलसारखंच सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे आणि नेट नसलं तरी चालतं. मी कोथरूडला आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, मीटिंगचं इतिवृत्त, थकबाकीची पत्रं सगळं त्यातच करतो. फक्त ओपनऑफिस नावाचं त्याच्यासारखंच जुनं फुकट सॉफ्टवेअर उतरवू नका, २०१० मधे त्यातूनच लिब्रेऑफिस वेगळं निघालं आणि तेव्हापासून सुधारणा जवळपास सगळ्या इकडेच होतायत.

खरा घोळ मराठी फॉन्टचा होतो. आमच्या आधीच्या कमिटीच्या फायली जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमधे होत्या, त्यात मराठी अक्षर आतून इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं, त्यामुळे तो फॉन्ट नसला की पानभर नुसती गिचमिड दिसते, मग सॉफ्टवेअर कुठलंही घ्या. म्हणून टायपिंग युनिकोडमधेच करा. आणि लिब्रेऑफिसमधे देवनागरीचा फॉन्ट आणि साइज इंग्रजीपेक्षा वेगळे सेट होतात, हे कळेपर्यंत मी वैतागलो होतो, मराठी मोठं व्हायचं आणि मधला इंग्रजीतला फ्लॅट नंबर बारीकच राहायचा. ऑप्शन्समधे लँग्वेजच्या भागात कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटला (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) टिक करा, मग कॅरॅक्टरच्या खिडकीत दोन्ही वेगवेगळे दिसतात.

प्रिंटला मात्र कायम पीडीएफ न्या. एकदा मी अप्पा बळवंत चौकात वर्डची फाईल पेनड्राइव्हवर घेऊन गेलो, दुकानातल्या मशिनवर माझा फॉन्ट नव्हता, एका पानाची नोटीस दोन पानांवर गेली आणि सही एकटीच दुसऱ्या पानावर, तेही ६० प्रती काढून झाल्यावर दिसलं!

कमिटीतल्या चौघांना एकच यादी भरायची असेल तर गूगल शीट्स बरं पडतं, पण फुकटची १५ जीबी जागा जीमेल आणि फोटो धरून आहे. तुमचे सीए मॅक्रोवाली (फाईलमधेच आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम असलेली) एक्सेल पाठवत असतील तर मात्र विकतचंच घ्या, ते मॅक्रो लिब्रेऑफिसमधे सगळे धड चालत नाहीत. लॅपटॉप दुरुस्तीवाला क्रॅक केलेलं, म्हणजे चोरीचं, ऑफिस टाकून देतो म्हणाला तर अजिबात नको, हिशोबाच्या मशिनवर व्हायरसचा धोका कशाला.

आधी तुमची सगळ्यात किचकट टेबलवाली जुनी फाईल लिब्रेऑफिसमधे उघडून बघा, पान कुठे तुटतंय ते तिथेच कळेल.