ट्रॅकिंगसाठी स्वतःचे डोमेन घ्यावे की सामायिक?

जाहिरातीवर रोज पैसे खर्च करणार असाल, तर ट्रॅकिंगसाठी, म्हणजे जाहिरातीवरचे क्लिक मोजणाऱ्या लिंकसाठी, स्वतःचेच डोमेन (वेबपत्ता) घ्या. ट्रॅकरने, म्हणजे क्लिक मोजणाऱ्या सेवेने, सर्वांना मिळून दिलेल्या सामायिक डोमेनवर अनेक अनोळखी जाहिरातदारांच्या लिंक एकत्र असतात आणि त्यांतील एकाने फसवी जाहिरात चालवली, तरी गूगल सेफ ब्राउझिंगचा (धोकादायक संकेतस्थळांची सूचना देणाऱ्या गूगलच्या सेवेचा) लाल इशारा तुमच्याही ग्राहकापुढे येऊ शकतो. सोलापुरी चादरींच्या एका मोहिमेत मी हे सोसले आहे; ऐन दिवाळीच्या आठवड्यात नवी पेठेतल्या कार्यालयात मी आकडे पाहत होतो, प्रत्येक क्लिकचे पैसे कापले जात होते आणि ग्राहक मात्र त्या लाल पानावरूनच परत फिरत होते.

डोमेन घेतल्यावर त्याच्या डीएनएसमध्ये (डोमेन कुठे उघडायचे हे सांगणाऱ्या नोंदींमध्ये) एखाद्या सबडोमेनची, म्हणजे त्याच डोमेनच्या उपपत्त्याची, सीनेम नोंद (एक पत्ता दुसऱ्या पत्त्याशी जोडणारी नोंद) ट्रॅकरने दिलेल्या पत्त्याकडे वळवा आणि एसएसएल प्रमाणपत्र (लिंक सुरक्षितपणे उघडण्यासाठी लागणारे) नीट बसले आहे का, ते मोबाइलवर लिंक उघडून पाहा. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे मोफत प्रमाणपत्र आजवर ९० दिवसांचे मिळत आले आहे, त्यामुळे त्याचे नूतनीकरण आपोआप होते का, हे ट्रॅकर चालवणाऱ्यांना आधीच विचारून घ्या. हे सारे मोहीम सुरू करण्यापूर्वीच उरका, कारण चालू जाहिरातीची लिंक बदलली की ती बहुधा पुन्हा तपासणीला जाते. नुसता सराव करायचा असेल, तर पहिले काही दिवस सामायिक डोमेन चालेल.