‘खून केला’ आणि ‘हातून खून झाला’

अमळनेरच्या एका हौशी नाट्यमंडळातील वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या नव्या नाटकात अनेक वर्षे मारहाण सोसलेली सून एका रात्री नवऱ्याचा जीव घेते. तिचा भाऊ न्यायालयाच्या आवारात म्हणतो, ‘तिनं गुन्हा केला, पण ती दोषी नाही.’ हे वाक्य स्वतःलाच खोडून काढते, असे मंडळातील काहींना वाटते. शिवाय शेजारणीला सुनेबद्दल वाटणाऱ्या ‘सहानुभूती’च्या जागी ‘कीव’ घातली तर चालेल का, हेही त्यांना हवे आहे.

न्यायालयापुरता आक्षेप खरा आहे, कारण तेथे गुन्हा शाबीत झाला की आरोपी दोषी ठरतोच. भाऊ मात्र निकालपत्र लिहीत नाही. घरातल्या मराठीत गुन्हा कृत्याला चिकटतो आणि दोष कारणाला, ‘दोष कोणाचा?’ असे विचारणाऱ्याला हात कोणाचा होता हे ठाऊकच असते, त्याला हे कशामुळे घडले ते हवे असते. म्हणून दोष ग्रहांचा, नजरेचा किंवा नशिबाचाही असू शकतो, गुन्हा मात्र माणसाचाच. भावाचे वाक्य टिकते. फक्त ‘दोषी नाही’ला कचेरीचा वास येतो, तेथे ‘दोष तिचा नाही’ असे असावे. सरकारी वकिलानेही तिला ‘गुन्हेगार’ म्हणण्यापूर्वी विचार करावा. सराईत गुन्हेगार, गुन्हेगारी टोळी अशा वापरामुळे त्या शब्दाला सवयीचा आणि धंद्याचा अर्थ लागला आहे, आणि एका रात्रीच्या कृत्यावरून माणसाला तो लावणे म्हणजे तिचे उरलेले सगळे आयुष्य त्या रात्रीत कोंबणे होय. सासूच्या तोंडचा ‘अपराधी’ मात्र योग्य आहे. संस्कृतात ‘अपराध्’ या धातूचा एक अर्थ नेम चुकणे असा होता आणि ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला त्या धनुर्धराला अमरकोशात ‘अपराद्धपृषत्क’ म्हटले आहे. सासूला ही व्युत्पत्ती ठाऊक असण्याचे कारण नाही; पण अपराध देवाचा, कुळाचा, वडीलधाऱ्यांचाही होतो आणि पोटात घातला जातो, ही छटा तिच्या रागाला शोभते.

मंडळाने विचारले नाही, पण नाटकाचा खरा झगडा मला क्रियापदात दिसतो. फौजदार म्हणेल, ‘तिने खून केला.’ आई म्हणेल, ‘तिच्या हातून खून झाला.’ घटना एकच, परंतु पहिल्या वाक्यात ती कर्ती आहे आणि दुसऱ्यात तिचा हात केवळ साधन उरला आहे. मराठी माणूस सहानुभूतीचा शब्दही न उच्चारता ती अशी व्याकरणातून देऊन टाकतो. दिग्दर्शकाने संहितेतील प्रत्येक ‘केला’ आणि ‘झाला’ कोणाच्या तोंडी आहे ते तपासावे, आणि एखाद्या पात्राचे मत पालटते तेथे हे रूपही पालटू द्यावे.

कायद्यालाही असा भेद करावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे आणि खून या सदरात न मोडणाऱ्या सदोष मनुष्यवधाची कलम १०५ मध्ये. (‘सदोष’ म्हटले की आपल्याला बिघडलेला विजेचा मीटर आठवतो, ही परिभाषा घडवणाऱ्यांची अडचण!) गंभीर आणि अचानक प्रक्षोभाने मारणाऱ्याचे कृत्य एरवी खून ठरत नाही, पण त्यातला ‘अचानक’ हा शब्द फार कठोर आहे. मुंबईच्या नानावटी खटल्यात, म्हणजे पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याच्या खटल्यात, १९५९ साली ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने मात्र त्याला खुनाबद्दल जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कायम केली. पत्नीची कबुली आणि गोळीबार यांच्यामध्ये सुमारे तीन तास गेले होते, तेवढ्यात मन ताळ्यावर यायला हवे होते, असा विचार त्यामागे होता. पुढे राज्यपालांकडून मिळाली ती माफी. माफीने शिक्षा सुटली, निर्दोषपण मिळाले नाही. तुमच्या नाटकातील वर्षानुवर्षांची मारहाण या ‘अचानक’मध्ये सहज बसत नाही, आणि वकिलाच्या भाषणाचा ताण तेथेच हवा.

आता कीव. सहानुभूती वाटते, दाखवता येते आणि खोटीही असू शकते. कीव येते, ती दाखवायला सहसा कोणी बसत नाही. सहानुभूतीत माणूस दुसऱ्याच्या अनुभवाशेजारी उभा राहतो, तर कीव करणारा थोडा उंचावर असतो. म्हणूनच सासूलाही एखाद्या क्षणी सुनेची कीव येऊ शकते आणि तरी ती तिला अपराधीच म्हणेल. ‘अनुकंपा’ मात्र टाळावी, नाहीतर प्रेक्षकांना नोकरीचा अर्ज आठवेल. शेजारणीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिने भिंतीपलीकडून ती मारहाण ऐकली आहे. तिला कीव देऊ नका, आणि ‘मला सहानुभूती वाटते’ असे पुस्तकी वाक्यही नको. ती अहिराणी बोलणारी असेल, तर ‘तिना काय दोष शे?’ एवढा एक प्रश्न तिला पुरे.